लहानपणीचा चहा, कॉफी आणि सोडा: यातलं खरं किती आणि धाक किती?

कपबशी

"चहा प्यायलास तर काळा होशील. कॉफी प्यायलीस तर उंची खुंटेल. सोडा प्यायलास तर हाडं विरघळतील."

या तीन पेयांच्या आठवणींना ही तीन वाक्यं चिकटलेलीच असतात. सांगणाऱ्या मोठ्या माणसांनीच बशीत ओतून दिलेले दोन घोट, पोट दुखलं म्हणून दिलेला सोडा आणि परीक्षेच्या रात्रीची कॉफी, हेही त्याच आठवणींत असतं. मनाई होती आणि मुभाही होती. दोन्हींमागचं कारण मात्र सांगितलं जात नव्हतं.

माझं मत आधीच मांडते. "चहा वाईट, दूध चांगलं" एवढ्यावर मुलांची बोळवण करू नये. किती, कधी आणि कसा केलेला, हे त्यांना सांगावं. म्हणून या धाग्यात नुसत्या आठवणी नकोत. ज्याला जे नेमकं माहीत आहे ते आपापल्या टोपणनावाखाली मापासकट लिहा. मुलाच्या हातात कप द्यावा का, कोणत्या वयात, आणि दिला तर त्यात काय असावं?

मापात

सुरुवात आकड्यांनी करू, म्हणजे पुढचे वाद सोपे जातील.

युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेने (तिला एफ्सा म्हणतात) २०१५ मध्ये कॅफिनवर मत दिलं. निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, एका वेळी २०० च्या वर नको. गरोदर बाईला दिवसभरात २००. मुलांसाठी दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅम हा आधार धरला आहे. तो प्रौढांच्या आकड्यावरून काढलेला आहे, त्यामुळे तो गाठायचं लक्ष्य समजू नये. ती वरची कड आहे. कॅनडात याहून कडक, किलोमागे २.५ धरतात.

आता २० किलोचं, म्हणजे साधारण सहा वर्षांचं मूल घ्या. त्याची कड ६० मिलिग्रॅम. कोऱ्या चहाच्या भरल्या कपात (२२० मिली) सुमारे ५० असतं, गाळलेल्या कॉफीच्या २०० मिलीत सुमारे ९०, कोलाच्या ३५५ मिलीत सुमारे ४०, आणि २५० मिली एनर्जी ड्रिंकमध्ये ८०. ५० ग्रॅमच्या गडद चॉकलेटमध्येही २५ च्या आसपास असतं, ते हिशोबात धरायला लोक विसरतात.

बशीतल्या दोन घोटांत १० ते १५ मिलिग्रॅम जातं. मोठ्यांचा पूर्ण मग कॉफी दिली तर कड ओलांडलीच.

उकळी

मापात यांचा हिशोब बरोबर आहे, पण चहाचं कॅफिन कपावर मोजू नका. ते पुडीवर मोजावं लागतं. कप सारखाच दिसतो, आत एक चमचा पूड गेली की दोन, त्यावर सगळं ठरतं. वाळलेल्या चहात साधारण २ ते ४ टक्के कॅफिन असतं. म्हणजे २ ग्रॅम पुडीत जास्तीत जास्त ८० मिलिग्रॅम, आणि बहुधा त्याहून बरंच कमी.

दुसरी गोष्ट. कॅफिन पाण्यात लवकर उतरतं. पहिल्या दोन-तीन मिनिटांत बराचसा भाग निघून येतो. तुरटपणा आणणारी द्रव्यं, म्हणजे आपण ज्यांना टॅनिन म्हणतो ती, त्यामागून रेंगाळत येतात. त्यामुळे दहा मिनिटं खळाखळा उकळलेला चहा कडवट आणि तुरट होतो, तरतरी मात्र त्या मानाने वाढत नाही. मुलासाठी चहा फिका करायचा असेल तर वेळ कमी करून फारसं साधत नाही. पूड कमी करा.

दाणेदार सीटीसी चहा तर आणखी लवकर उतरतो. ही पद्धत १९३० च्या आसपास आसामात विल्यम मॅककर्चर यांनी काढली. पान दातेरी रुळांमधून चिरडत, फाडत, वळत नेतात. पानाचा पृष्ठभाग फाटून उघडा पडतो, म्हणून रंग झटकन येतो. अख्ख्या पानाच्या चहाला तीन ते पाच मिनिटं मुरावं लागतं, दाणेदार चहाचं काम दोन मिनिटांत होतं.

रोज एक कप

पण दुधाचा चहा सौम्यच असतो ना? अर्ध्याहून जास्त दूध घातलं की झालं.

उकळी

चवीला सौम्य, एवढंच. दुधातलं केसीन हे प्रथिन टॅनिनला धरून ठेवतं, म्हणून जिभेला तुरटपणा जाणवत नाही. कॅफिनला दूध हात लावत नाही. दोन चमचे पूड उकळून त्यावर दूध घातलं तर सगळं कॅफिन त्या दुधाच्या चहात असतंच. उलट तुरटपणा झाकला गेल्यामुळे मूल जास्त पितं.

मुलासाठी वेगळा चहा करायचा तर असा करा: १५० मिली पाणी, १ ग्रॅम पूड (सपाट अर्धा चमचा), पाण्याला उकळी आली की पूड घालून गॅस बंद, झाकण, दोन मिनिटं. गाळून वर ५० मिली गरम दूध. कॅफिन बहुधा २० ते ३० मिलिग्रॅमच्या आत राहतं.

सायीविना

आल्याच्या चहात दूध का नासतं हे इथेच विचारून घेते. रोज नासत नाही, एखाद्या दिवशी दगा देतं.

उकळी

आल्यात झिंजिबेन नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं. साधारण ६० अंशांच्या आसपास त्याला सर्वांत जोर येतो आणि उकळीने ते निकामी होतं. म्हणून क्रम चुकवू नका. आलं ठेचून थेट पाण्यात, पाणी दोन-तीन मिनिटं चांगलं उकळू द्या, मग पूड, मग दूध. कोमट दुधात किंवा गॅस बंद केल्यावर वरून आलं किसलं की नासण्याची वेळ त्याने गाठलीच समजा. ज्या दिवशी दगा दिला त्या दिवशी एकतर आलं मागून पडलं असणार, नाहीतर दूध आधीच आंबटाकडे झुकलेलं असणार. ताज्या दुधाचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आंबट) ६.७ च्या आसपास असतो, तो ४.६ कडे घसरला की केसीन गोळा होतं. गरम असताना तर त्याच्या बरंच आधी फाटतं.

गुळाचंही तेच. गूळ आम्लधर्मी असू शकतो. गुळाच्या चहात गॅस बंद करून, उकळ बसल्यावर गरम दूध घाला आणि परत उकळू नका.

दंतकथा

चहा-कॉफीवर सगळे बोलतायत म्हणून सोड्याकडे येतो. "हाडं विरघळतात" हे चूक आहे. हाडांपर्यंत सोडा सोडा म्हणून पोचतच नाही. जठरात त्याहून कितीतरी तीव्र आम्ल असतं. हाडांचं नुकसान होतं ते दुधाची जागा कोला घेतो म्हणून. पोटात एक पेला कोला गेला की एक पेला दूध जात नाही.

दातांचं मात्र खरं आहे. दाताचं वरचं कवच, इनॅमल, सामू ५.५ च्या खाली गेला की विरघळू लागतं. कोलाचा सामू २.५ च्या आसपास. लिंबाच्या सोड्याचाही तीनच्या जवळ जातो. नुसता साधा सोडा, ज्यात फक्त पाणी आणि वायू आहे, तो ४ ते ५ च्या मध्ये असतो आणि त्यातलं आम्ल इतकं दुबळं की लाळ त्याला लगेच सावरते.

इथे किती प्यायलं यापेक्षा किती वेळ लावला ते जास्त नडतं. ३०० मिली पाच मिनिटांत संपवलं तर लाळ अर्ध्या-पाऊण तासात तोंड पूर्ववत करते. तेच ३०० मिली दोन तास घोटघोट चाललं तर तोंड दोन तास आंबटच. बाटली जवळ घेऊन अभ्यासाला बसणारी मुलं दात याच कारणाने घालवतात. प्यायल्यावर लगेच ब्रश करू नये, कवच तेव्हा मऊ पडलेलं असतं आणि घासलं जातं. साध्या पाण्याने चूळ भरावी, ब्रश अर्ध्या तासानंतर.

बुडबुडा

दंतकथा, +१. साध्या सोड्याला वेगळं काढलंत हे बरं केलंत. एका शब्दात आपण तीन गोष्टी कोंबतो: खायचा सोडा, नुसतं वायू भरलेलं पाणी आणि गोड बाटली. मुलांना सांगतानाही हे तीन वेगळे करून सांगावेत.

वायूचं पाणी माणसाने मुद्दाम केलं त्याला अडीचशे वर्षं झाली. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात जोसेफ प्रिस्टली बिअर बनवण्याच्या कारखान्याशेजारी राहत होते. आंबणाऱ्या पिंपांवर साचलेल्या वायूत त्यांनी १७६७ मध्ये पाणी ओतून पाहिलं आणि ते चवदार निघालं. १७७२ मध्ये त्यांनी रीत छापून दिली, त्यावरून पैसा केला नाही. १७८३ मध्ये जिनिव्हात जोहान याकोब श्वेप यांनी त्याचा धंदा उभा केला.

फेसाळ

घरी सोडा करायची रीत देतो, मुलांसोबत करण्यासारखी आहे.

सायफनची (घरी सोडा करायची, झडप असलेली) एक लिटरची बाटली आणि ८ ग्रॅमची कार्बन डायऑक्साइडची एक कुपी. पाणी फ्रीजमधलं, ४ अंशांच्या आसपास. यात हयगय नको. शून्य अंशाला एक लिटर पाणी साध्या हवेच्या दाबाखाली सुमारे ३.३ ग्रॅम वायू धरतं, वीस अंशाला जेमतेम १.७. म्हणजे नळाचं पाणी वापरलं की निम्मा वायू तिथेच हुकला. खुणेपर्यंतच भरा, वर मोकळी जागा हवी. कुपी फिरवून सगळा फुसकारा आत गेला की चार-पाच वेळा जोरात हलवा आणि तासभर फ्रीजमध्ये ठेवा. लगेच उघडलं तर वायू पाण्यात मुरलेला नसतो, पहिल्याच धारेला निघून जातो.

यात नेहमी होणाऱ्या चुका दोन. मलई फेटायच्या कुप्या दिसायला तशाच असतात, पण त्यांत नायट्रस ऑक्साइड असतो. त्याने सोड्याची झिणझिण येत नाही, आणि तो मुलांच्या हाती पडू नये असा वायू आहे. दुसरी चूक म्हणजे सरबत आत भरून वायू सोडणं. साखर आणि रस फेस धरून ठेवतात, झडप चिकट होते, उघडताना कारंजं होतं. वायू नेहमी साध्या पाण्यात, सरबत पेल्यात.

पेल्यात आधी ३० मिली पाक, त्यावर १७० मिली सोडा पेला तिरपा धरून काठाने. एकदाच हळू ढवळा. लिंबू-मीठ घालायचं तर मीठ आधी लिंबाच्या रसात विरघळवा. मिठाचा कोरडा खडा भरल्या सोड्यात टाकला की त्याच्या खडबडीत कडांवर बुडबुडे बांधले जातात, फेस उसळून अर्धा पेला ओट्यावर आणि उरलेला मचूळ.

सायीविना

कुपी नसेल तर खायचा सोडा आणि सायट्रिक आम्ल चालेल का?

फेसाळ

गंमत म्हणून चालेल, रोजचं पेय म्हणून नको. २०० मिली थंड पाण्यात १ ग्रॅम खायचा सोडा आणि पाऊण ग्रॅम सायट्रिक आम्ल. त्यातून अर्धा ग्रॅम वायू निघतो, पण पेला उघडा असल्यामुळे बराचसा उडून जातो. मागे राहतं सायट्रेटचं मीठ, एका पेल्यात सुमारे २७० मिलिग्रॅम सोडियम. चवीला खारट-साबणासारखं लागलं तर सोडा जास्त झाला, फार आंबट लागलं तर आम्ल. वजनाला ८४ ला ६४ हे प्रमाण आहे, चमच्याने मापाल तर चुकेल.

यीस्ट घालून आल्याचा सोडा करणाऱ्यांनी काचेची बाटली वापरू नये, फुटते आणि काच लांब उडते. दोन लिटरच्या प्लास्टिक बाटलीला चिमूटभर, म्हणजे चमच्याचा आठवा भाग यीस्ट पुरतं. बाटली दाबून दगडासारखी कडक लागली की लगेच फ्रीजमध्ये. उन्हाळ्यात हे एका दिवसात होतं. त्यात थोडा मद्यांश तयार होतोच, म्हणून लहान मुलांना हा प्रकार देऊ नये.

गाळणी

अवांतर, पण सोड्याची लहानपणची आठवण म्हणजे गोटीची बाटली. तिच्याबद्दल कुणी लिहील का? गोटी काचेत गेलीच कशी, हा प्रश्न प्रत्येक मुलाला पडतो.

बुडबुडा

आनंदाने. ही बाटली हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने १८७२ मध्ये पेटंट केली. काच तापलेली असतानाच गोटी आत सोडतात आणि मग तोंड घडवून अरुंद करतात, म्हणून ती बाहेर येत नाही. तोंडाच्या आत एका खाचेत रबराचं कडं बसवलेलं असतं.

भरताना बाटली उलटी करतात. गोटी घरंगळत तोंडाशी येते, आतला वायू तिला रबरावर दाबून धरतो, आणि बाटली सरळ केली तरी ती तिथेच राहते. वेगळं बूच लागत नाही, वायूच स्वतःला कोंडून घेतो. मला हे यंत्रविद्येतलं फार सुंदर काम वाटतं.

उघडताना लाकडी दट्ट्या गोटीवर ठेवून तळहाताने दाबायचा आणि तसाच चार-पाच सेकंद धरून ठेवायचा. पटकन उचलला की फेस वर येतो. मानेखाली बाटली चिमटल्यासारखी असते, गोटी तिथे अडकून तळाशी जात नाही. त्याच्याजवळ एका बाजूला आत गेलेले दोन खळगे असतात. पिताना खळगे खालच्या बाजूला हवेत. गोटी घरंगळून त्यांच्यावर टेकते आणि वाट मोकळी राहते. बाटली उलट बाजूने धरली तर गोटी घोटागणिक तोंडाशी येऊन बसते.

सोडा मचूळ निघाला तर आधी रबर बघा. ते कडक झालं, चिरलं की वायू रात्रभरात जातो. रबराच्या खाचेत काळी बुरशी धरते, आणि आत गोटी असल्याने ब्रश नीट फिरत नाही, हा या बाटलीचा मोठा दोष. रबर काढून बदलल्याशिवाय तिची सफाई होत नाही.

निवांत

सोड्याची झिणझिण बुडबुड्यांमुळे येते, इतकं साधं आहे ना?

बुडबुडा

नाही! जिभेवर कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज नावाचं विकर आहे, ते वायूचं आम्ल करतं आणि तो चटका आपल्याला जाणवतो. दाबाच्या बंद खोलीत, जिथे बुडबुडे तयार होऊच शकत नाहीत, तिथेही सोडा तितकाच चावतो. उंच शिखरांवर जाणारे लोक विरळ हवेसाठी अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी घेतात. ती नेमकं हेच विकर अडवते, त्यामुळे त्यांना सोडा पाण्यासारखा लागतो.

अर्धा चमचा

गोड बाटलीबद्दल एक प्रयोग मुलांना करून दाखवा. एक कोला थंडगार, दुसरा आदल्या रात्री उघडून ठेवलेला, खोलीच्या उबेचा. दुसरा इतका गोड लागतो की मूल स्वतःच तोंड वाकडं करतं. साखर दोन्हींत एकच. थंडीने जिभेला गोडी कमी कळते आणि वायूचं आम्ल तिला झाकतं.

३३० मिलीत सुमारे ३५ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगते की वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत हवी, ५ टक्क्यांच्या आत असेल तर आणखी चांगलं. सहा वर्षांच्या मुलाला १४०० उष्मांक धरले तर १० टक्के म्हणजे ३५ ग्रॅम. एका डब्यात दिवसाचा कोटा संपला, जेवणातली साखर अजून मोजलेलीच नाही.

आणि कळकळीचं एक. जुलाब झालेल्या मुलाला "वायू घालवलेला कोला" देण्याची पद्धत सोडून द्या. क्षारसंजीवनीच्या एक लिटरमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, बाकी पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. कोलाच्या लिटरमध्ये साखर शंभर ग्रॅमच्या वर आणि मीठ जवळजवळ नाही. एवढी साखर आतड्यात पाणी ओढून आणते आणि जुलाब वाढतात. तयार पुडी, तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात, इतकंच.

रोज एक कप

मग पोट जड झाल्यावर सोडा दिला की बरं वाटतं ते?

दंतकथा

ढेकर येते आणि ताण उतरतो. अन्न पचलेलं नसतं. गोड बाटल्यांत त्यांच्या आकारमानाच्या साडेतीन-चार पट वायू कोंबलेला असतो. ३३० मिलीतून एक लिटरहून जास्त वायू मोकळा होतो, तो कुठूनतरी बाहेर पडणारच. ज्या मुलाला घशाशी आंबट येतं त्याला सोडा देऊ नये, ढेकरेबरोबर आम्ल वर येतं.

निवांत

कॉफीकडे यायचं का? "उंची खुंटते" याला आधार नाही. कॅफिनमुळे लघवीवाटे थोडं कॅल्शियम जातं, पण इतकं थोडं की एक-दोन मोठे चमचे दुधात भरून निघतं. या भीतीला जाहिरातींनीही खतपाणी घातलं. १८९५ मध्ये अमेरिकेत सी. डब्ल्यू. पोस्ट यांनी पोस्टम नावाचं धान्याचं, कॅफिन नसलेलं पेय आणलं आणि कॉफीच्या अपायांची धास्ती घालून ते खपवलं. मुलांना कॉफी देऊ नका हा त्यातला ठळक सूर होता.

कॉफीचं खरं कारण झोप. मोठ्यांत कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. दुपारी चारला ४० मिलिग्रॅम घेतलं तर रात्री नऊला २० अंगात आहेच. परीक्षेच्या आदल्या रात्री कॉफी पाजणं म्हणजे वाचलेलं डोक्यात बसण्याची वेळच कापून घेणं, कारण ते काम झोपेत होतं.

गाळणी

निवांत, पटलं. कॉफीत एक सोय आहे जी चहात नाही: चिकोरी. ती भाजलेली मुळी, कॅफिन शून्य. कॉफी-चिकोरीच्या ७०:३० मिश्रणात वजनाच्या तीन दशांशाला कॅफिन नसतंच, आणि नुसत्या चिकोरीचं दूध मुलांना कॉफी म्हणून सुखाने देता येतं. सपाट अर्धा चमचा, ५० मिली उकळतं पाणी, दोन मिनिटं, गाळून १०० मिली दूध. जास्त घातली तर काढ्यासारखी कडू होते.

दोन कप्प्यांच्या फिल्टरमध्ये मोठ्यांसाठी करताना २० ग्रॅम पूड, चकती अलगद टेकवायची, उकळून अर्धा मिनिट निवलेलं १०० मिली पाणी गोलगोल ओतायचं. पंधरा-वीस मिनिटांत खाली उतरतं. उतरत नसेल तर पूड फार बारीक आहे किंवा चकती दाबून बसवली आहे. कधीकधी दोन कप्पे इतके घट्ट बसतात की खालची हवा कोंडते. वरचा कप्पा किंचित फिरवून सैल करा, थेंब सुरू होतात.

कागदी फिल्टरचा उगम शाळेच्या दप्तरात आहे हे मुलांना सांगायला छान. १९०८ मध्ये ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ यांनी मुलाच्या वहीतला टीपकागद घेतला, पितळी भांड्याला खिळ्याने भोकं पाडली आणि गाळ नसलेली कॉफी केली. कागद गाळाबरोबर कोलेस्टेरॉल वाढवणारी तेलंही अडवतो, हे पुढे कळलं.

रोज एक कप

मी अजूनही म्हणतो की अर्ध्या कपाने काही बिघडत नाही. कॅफिन तर अकाली जन्मलेल्या बाळांना औषध म्हणून देतात.

मापात

देतात, बाळ श्वास घ्यायला विसरतं म्हणून, रुग्णालयात, वजनावर मोजून. नवजात बाळाचं यकृत कॅफिन फार सावकाश मोडतं, निम्मं व्हायला तीन-चार दिवस लागतात. म्हणूनच घरच्या तान्ह्या बाळाला चहाचा चमचाही नको. औषध आहे हा मुद्दा जपून वापरण्याच्याच बाजूचा आहे.

अर्ध्या कपाला माझाही विरोध नाही, पण वय बघून. अमेरिकेतल्या बालरोग, हृदय, आहार आणि दंत संघटनांनी २०१९ मध्ये मिळून सांगितलं की पाच वर्षांखालच्या मुलांना कॅफिनचं काहीही देऊ नये. एनर्जी ड्रिंक तर कोणत्याच वयाच्या मुलाला नको. युरोपात लिटरला १५० मिलिग्रॅमहून जास्त कॅफिन असलेल्या अशा बाटलीवर मुलांसाठी नाही असं छापणं सक्तीचं आहे.

सायीविना

जेवणाबरोबर चहा? बरीच मुलं दुधाऐवजी चहात बुडवून खातात.

उकळी

मला विचाराल तर या धाग्यातला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा हाच. चहातली पॉलिफिनॉल (वरची तुरट टॅनिन त्यांतलीच) धान्य, डाळी, पालेभाज्या यांतल्या लोहाला बांधून ठेवतात. जेवणासोबत चहा घेतला की ते लोह अंगी लागणं निम्म्याहून खाली येतं, कॉफीने त्याहून थोडं कमी नुकसान होतं. दूध घातल्याने यातून सुटका नाही. वाढीच्या वयात, आणि पाळी सुरू झालेल्या मुलींत, याने रक्त कमी राहतं आणि दोष भलत्यालाच दिला जातो. जेवण आणि चहा यांत दोन्ही बाजूंनी किमान तासाचं अंतर ठेवा. जेवणात लिंबू पिळलं तर लोह उलट जास्त लागतं.

अर्धा चमचा

आणि चहाने रंग काळा होतो ते?

मापात

नाही होत. त्वचेचा रंग मेलॅनिनवर ठरतो, चहाचा रंग थिआफ्लेविन-थिआरुबिजिन या चहातल्या द्रव्यांवर. या दोघांचा संबंध नाही. शिवाय काळं असणं हा धाक म्हणून वापरावा, हेच मला मान्य नाही.

कपबशी

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे परत येते. तीन वाक्यांपैकी एकही जसंच्या तसं खरं नव्हतं, पण प्रत्येकाच्या मागे वेगळं, सांगण्याजोगं कारण होतं: चहामागे लोह, कॉफीमागे झोप, सोड्यामागे दात आणि साखर. पाच वर्षांनंतर, दुपारी चारच्या आत, जेवणापासून तासाने, उकळी यांनी दिलेला एक ग्रॅमचा कप, रोज नाही. एवढं मी मान्य केलं.

एकच राहिलं. बशीत ओतून देणं चांगलं की वाईट?

दंतकथा

चांगलं. कपात चहा खोल असतो आणि वरूनच निवतो. बशीत त्याचा पातळ थर पसरतो, वाफ सगळ्या पृष्ठभागावरून जाते आणि मिनिटभरात तो पिण्याजोगा होतो. ६५ अंशांहून गरम पेयं सतत पिणं बहुधा अन्ननलिकेचा कर्करोग घडवू शकतं, असं कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ मध्ये वर्गीकरण केलं आहे. मुलांच्या बाबतीत त्याआधीची भीती भाजण्याची. ओतल्यावर पंधरा मिनिटांनीही कपातला चहा तान्ह्याला भाजू शकतो. म्हणून मूल मांडीवर असताना कप हातात घेऊ नका, आणि बशी ओट्यावर किंवा टेबलावर ओतून, बोटाने बघून, मग द्या.

गाळणी

बशी आधी गार पाण्यात बुडवून पुसून घ्या, आणखी लवकर निवतो.